सातचा भोंगा

कवठे महांकाळ तालुक्यातल्या अग्रण धुळगावानं संध्याकाळी सात ते नऊ घरातले मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवायचं ठरवलं. पोरांनी त्या वेळात अभ्यासाला बसायचं, आणि थोरांनी त्यांच्यासमोर फोन काढायचा नाही. बेळगावजवळच्या हलग्यातही पुढं असाच सात ते नऊचा नियम आला. सांगली जिल्ह्यात ही कल्पना पहिल्यांदा गाजली ती मात्र दुसऱ्या टोकाला, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात.

हे वडगाव तीनेक हजार वस्तीचं. लोक शेतकरी, नाहीतर साखर कारखान्यात कामाला जाणारे. कोरोनात शाळा बंद पडल्या, ऑनलाइन तासांसाठी पोरांच्या हातात फोन आले. शाळा उघडल्या तरी ते फोन हातातून सुटेनात. 14 ऑगस्ट 2022 रोजी गावाची बैठक झाली आणि दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासून, देवळावरचा भोंगा रोज संध्याकाळी सातला वाजायला लागला. सात ते साडेआठ मोबाइल बंद, टीव्ही बंद. सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय लावून धरला होता. पहिल्या चर्चेत पुरुषांनी तो हसण्यावारी नेला. मग गावातल्या बायकांना एकत्र बसवलं. मालिका बघण्यात आपलाही फार वेळ जातो हे त्यांनी कबूल केलं, आणि बंद करायचं तर सगळ्या गावानं करायचं, असं त्यांचं मत पडलं. अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, समजूत घालत राहिले.

देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली. बहुतेकांनी ती अभ्यासाची किंवा व्यसनमुक्तीची गोष्ट म्हणून सांगितली. मला त्या बायकांच्या मतातलं एकच म्हणणं सगळ्यांत मोलाचं वाटतं : सगळ्या गावानं. घरोघरी आईबाप पोरांना ‘ठेव तो फोन’ म्हणतच असतात. पण तेवढ्यानं होत नाही, कारण पोरगं फोन ठेवून पुस्तक उघडतं तेव्हा त्याचे पंचवीस मित्र अजून तिकडंच असतात. तिथं काहीतरी चाललेलं असतं आणि आपण त्यात नसतो. भोंगा वाजतो तेव्हा ते पंचवीसही फोन ठेवतात. मग चुकवण्यासारखं काही उरतच नाही.

कॉलेजातली मुलं या धास्तीला ‘फोमो’ म्हणतात. पॅट्रिक मॅगिनिस या विद्यार्थ्यानं 2004 साली हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमधल्या विद्यार्थ्यांच्या पत्रात तो शब्द लिहिला, तो आपल्या वर्गमित्रांबद्दल. एका रात्रीत चार-पाच पार्ट्यांना हजेरी लावणारी, कुठल्याच बेताला ठाम ‘हो’ न म्हणणारी ती मुलं होती. तेव्हा फेसबुक नुकतं जन्मलं होतं. 2013 मध्ये अँड्रू शिबिल्स्की आणि सहकाऱ्यांनी ही भीती मोजायला दहा विधानांची मोजपट्टी तयार केली. मित्र आपल्याशिवाय मजा करताहेत हे कळलं की अस्वस्थ वाटतं का, सुट्टीवर असतानाही बाकीचे काय करताहेत ते बघत राहता का, अशा धाटणीची ती विधानं. आपल्याला काही जमतं, आपलं काही आपल्या मनानं चालतं, आपली म्हणावीत अशी माणसं आहेत, या तीन गोष्टींची ज्यांच्या आयुष्यात चणचण होती त्यांच्यात ही भीती जास्त आढळली. आणि ज्यांच्यात ती जास्त, ते उठल्याबरोबर, झोपण्याआधी आणि जेवतानाही फोन बघत होते.

हार्वर्डच्या पार्ट्या एकीकडं आणि आमचा दुष्काळी पट्टा दुसरीकडं, यांचा काय संबंध, असं कुणी विचारेल. पण काहीतरी निसटेल ही भीती या पट्ट्याला फोनच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ या भागातली माणसं कित्येक पिढ्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. जिथं सराफी पेठ, तिथं सोनं-चांदी गाळणारा आपल्याकडचा माणूस भेटायचा. केरळ, तमिळनाडू, बंगाल, पंजाब, कुठंही. बारक्या खोलीत भट्टी, ॲसिडचा वास, वर माळ्यावर झोपायची जागा. गावची यात्रा, भावकीतलं लग्न, बहिणीचं बाळंतपण, बापाचा शेवट, यांतलं बरंचसं त्यांच्या वाट्याला यायचं ते पत्रातून, आठ दिवस उशिरा. तार आली तर न फोडताच हात कापायचे. या माणसांना फोननं काय दिलं हे आधी मोकळेपणानं मान्य करायला हवं. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात उधळलेला भंडारा दूरच्या दुकानात बसून त्याच क्षणी दिसतो. आजीचा चेहरा दिसतो. बापाच्या मातीला पोचता आलं नाही तरी निदान बघता येतं. सोशल मीडियाविरुद्ध सरसकट बोलणाऱ्यांनी या घरांकडं बघावं आणि मग बोलावं.

त्याच फोननं दुसरंही केलं. पूर्वी यात्रा चुकली तर एकदाच चुकायची. आता यात्रेच्या तीन दिवसांत ती शंभर वेळा चुकते. पालखीचा व्हिडिओ, कुस्तीच्या मैदानातला व्हिडिओ, मित्रांनी खांद्यावर हात टाकून काढलेला फोटो. दुकानातल्या अठरा-वीस वर्षांच्या पोराला गावाची आठवण आली तरी पूर्वी हाताखालचं काम तिला मागं सारायचं. आता ती आठवणच दर दहा मिनिटांनी खिशात थरथरते.

द्राक्षबागायतदाराची धास्ती वेगळी आहे, आणि ती खोटी मुळीच नाही. म्हैसाळ योजनेतून कृष्णेचं पाणी या भागात आलं, त्याच्याही आधीपासून टँकरनं पाणी घालून इथं लोकांनी बागा जगवल्या आहेत. ऑक्टोबर छाटणी झाली की बाग तान्ह्या लेकरागत सांभाळावी लागते. फुलोऱ्यात पाऊस आला, ढगाळ हवा राहिली की डाऊनी, पुढं भुरी, मणी भरल्यावर पाऊस आला तर तडकणं. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या अवकाळी पावसानं कित्येक बागांचं वर्षभराचं उत्पन्न धुऊन नेलं. अशा माणसाला ‘फोन बाजूला ठेवा, मन शांत राहील’ असं सांगणं म्हणजे त्याचं दुःखच न कळणं. हवामानाचा एक मेसेज चुकला, फवारणीला एक दिवस उशीर झाला, तर डोक्यावरचं कर्ज वर्षभरानं लांबतं. म्हणून हवामानाचा ग्रुप, औषधांचा ग्रुप, वाणांचा ग्रुप, बाजारभावाचा ग्रुप, बेदाण्याच्या सौद्यांचा ग्रुप. शेजाऱ्यानं आज काय फवारलं हे ग्रुपवर आलं की आपणही फवारावं असं वाटतं, गरज असो वा नसो. औषधाचं बिल चढतं ते काही अंशी या वाटण्यानंही.

इथं एक फरक झालाय, त्याकडं लोकांचं पुरेसं लक्ष गेलेलं नाही. या भागातली द्राक्षशेती एकमेकांच्या बागा बघूनच वाढली. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेलं ‘तास-ए-गणेश’ हे वाण शेतकऱ्यांनीच शेतकऱ्यांपर्यंत नेलं. दुसऱ्याच्या बागेत गेलं की घड दिसायचे तसे वांझ राहिलेले वेलही दिसायचे. बांधावर बसून चहा पिताना मालक हळूच सांगायचा, औंदा दोन एकर गेले, सोसायटीचं अजून फिटलं नाही. तुलना तेव्हाही व्हायची, हेवाही वाटायचा, पण समोरच्याचा हिशेब सगळा उघडा असायचा. स्टेटसवर येतो तो फक्त भरलेला घड, सौद्याचा उंच भाव आणि दारात उभी नवी गाडी. तडकलेल्या मण्यांचा फोटोही येतो, नाही असं नाही, पण तो नुकसानभरपाईच्या मागणीपुरता. बाकी वर्षभर दिसते ती दुसऱ्यांची भरभराट. लिओन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्येच दाखवलं होतं की आपण कुठं उभे आहोत हे ठरवायला दुसरं माप नसलं की माणूस आजूबाजूच्यांशी ताडून बघतो. मापच निवडक झालं तर ताळा कसा जुळायचा?

हीच निवडक भरभराट पैशांच्या बाबतीत फार महाग पडते. कुणाच्या तरी मोबाइलवरचा नफ्याचा हिरवा आकडा फिरत फिरत आपल्यापर्यंत येतो आणि वाटतं, सगळे कमावताहेत, आपणच मागं. सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत वायदेबाजारात उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्क्यांना तोटा झाल्याचं दिसलं. सगळ्यांचा मिळून तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या पुढं. त्या 93 टक्क्यांनी आपल्या तोट्याचा स्टेटस ठेवला असता, तर पुढचे कितीतरी लोक वाचले असते.

आणि तिसरी धास्ती अभ्यासिकेतली. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. कवठे महांकाळसारख्या गावातून पोरं-पोरी सांगलीला, पुण्याला जातात, कॉट बेसिसवर राहतात. टेलिग्रामवरच्या प्रत्येक चॅनेलला त्यांना असावंच लागतं, कारण नोट्सची पीडीएफ, सराव प्रश्न, जाहिरात, शुद्धिपत्रक सगळं तिथं येतं. 11 मार्च 2021 आठवा. 14 मार्चला होणारी राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुढं ढकलल्याचं तीन दिवस आधी जाहीर झालं, पुण्यात हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि शेवटी परीक्षा 21 मार्चला झाली. अशा व्यवस्थेत वाढलेल्या मुलानं एक दिवस फोन बंद ठेवायचा तो कोणत्या भरवशावर? त्याची भीती काही अंशी कारभारानंच पेरलेली आहे. तारखा वेळेत आणि एकाच ठिकाणी जाहीर झाल्या, तर ती बरीचशी आपोआप विरेल. एरवी आपण सगळा दोष त्या पोराच्या मनोबलावर ढकलतो, ते मला फार अन्यायाचं वाटतं.

आता यंत्राकडं वळू. ही भीती माणसात आधीपासून होती हे खरं, पण तिच्यावर धंदा उभा राहिला तो गेल्या वीस वर्षांत. 2006 मध्ये एझा रास्किन या तंत्रज्ञानं कधीच न संपणारं, खाली सरकत राहणारं पान बनवलं, पुढं त्याबद्दल जाहीर पश्चात्तापही केला. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं, टपालाला शेवटचं पाकीट असतं, या पानाला शेवट नाही. म्हणजे ‘सगळं बघून झालं’ हे समाधान कधीच मिळायचं नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या. मेसेज वाचला की नाही हे पाठवणाऱ्याला कळायला लागलं, आणि उत्तर न देणं हा अपराध झाला. ऑगस्ट 2016 मध्ये इन्स्टाग्रामवर स्टोरी आली, फेब्रुवारी 2017 मध्ये व्हॉट्सॲपवर स्टेटस. दोन्ही चोवीस तासांत पुसली जाणारी. आज बघितलं नाही तर उद्या ते नसेल, ही अट मुद्दाम घातलेली आहे. या दोहोंच्या मध्येच, 5 सप्टेंबर 2016 रोजी, जिओ आलं. रिचार्जचे दहा रुपये जपून वापरणाऱ्या गावांत काही महिने डेटा फुकट वाहिला. शहरांना ज्या गोष्टीची सवय व्हायला दहा वर्षं मिळाली, ती आमच्या गावांवर दोन वर्षांत कोसळली. ‘असर’च्या 2024 च्या ग्रामीण पाहणीत 14 ते 16 वयोगटातल्या 82 टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी मुलं 57 टक्के होती, सोशल मीडियासाठी वापरणारी 76 टक्के.

तरीही प्रश्न उरतोच : इतका त्रास होत असेल तर लोक सोडत का नाहीत? याचं मला पटलेलं उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासात सापडतं. लिओनार्डो बुर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या हजाराहून अधिक विद्यार्थ्यांना विचारलं, टिकटॉक महिनाभर बंद करायला किती पैसे घ्याल? बाकीचे सगळे चालू ठेवणार असतील तर, सरासरी 59 डॉलर. इन्स्टाग्रामसाठी 47. मग विचारलं, तुमच्या कॉलेजातल्या सगळ्यांचंच बंद होणार असेल तर? आता उत्तर उलटलं. टिकटॉकसाठी 28 आणि इन्स्टाग्रामसाठी 10 डॉलर उलट आपल्याच खिशातून द्यायला विद्यार्थी सरासरीनं तयार होते. म्हणजे जे नसलेलंच बरं असं त्यांना वाटतं, तेच एकट्यानं सोडायला त्यांना पैसे हवे होते. 2023 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोहित्यांच्या वडगावातल्या बायकांनी त्याच्या आदल्याच वर्षी हेच ओळखून गावाला पटवलं होतं.

आपल्या देशानं याचा एक मोठा दाखला पाहिलाही आहे. 29 जून 2020 रोजी टिकटॉकवर बंदी आली. कारण वेगळं होतं, सीमेवरच्या तणावाचं. पण खेड्यापाड्यांतली कितीतरी मुलं, ज्यांचे तिथं हजारोंनी चाहते होते, एका रात्रीत तिथून बाहेर आली. ज्यांची तिथून कमाई होती त्यांचं नुकसान झालं, ते खरंच होतं. बाकीच्यांना मात्र आपण टिकटॉकवर नाही याची हुरहुर फार दिवस लागली नाही, कारण कुणीच नव्हतं. अडचण अशी की दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणली आणि सगळी गर्दी तिकडं वळली. दार सगळ्यांसाठी एकदम बंद केलं तर भीती जाते, पण मोकळा झालेला वेळ कुणी आपला म्हणून भरला नाही तर शेजारचं दुकान तो भरतं.

वडगाव आणि धुळगावच्या नियमाचं बळ इथं आहे. त्यांनी वेळ नुसता रिकामा केला नाही, त्यात काय करायचं तेही ठरवलं. आणि नियम फक्त पोरांवर लादला नाही. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं नोव्हेंबर 2022 मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी करण्याचा ठराव केला, मोडणाऱ्याला दंडही ठेवला. त्यामागची कळकळ मी समजू शकतो. पण बाप चौकात बसून रील बघतोय आणि पोरानं फोनला हात लावायचा नाही, हे पोरांच्या गळी कसं उतरणार? ऑस्ट्रेलियानं 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी केली. तिथंही मोठ्यांचं सगळं चालूच आहे. सांगलीतल्या या गावांनी वयाची रेघ न ओढता घड्याळाची रेघ ओढली, ते मला जास्त न्याय्य वाटतं.

या नियमाच्या मर्यादाही आहेत. सात ही वेळ बायकांच्या भाकरीची. बाई तव्यापुढं उभी असते, तिची मालिका बंद होते, आणि दिवसभर फोन बघून झालेला पुरुष दीड तास फोन ठेवतो तेव्हा दोघांचा त्याग सारखा धरला जातो. मालिका हा तिच्या दिवसातला एकमेव विसावा असेल तर तो गेल्यावर तिला काय मिळालं, हे गावानं विचारायला हवं. दुसरं असं की गावाचा डोळा प्रेमानं बघतो तसा पाळतही ठेवतो. आज फोन, उद्या पोरींचं बाहेर जाणं, असं व्हायला वेळ लागत नाही. आणि मुलांचे मार्क किती वाढले याचे दावे ऐकताना मी जपून राहीन, कारण कोरोनानंतर शाळा नीट सुरू झाल्यानंही मुलं सुधारणारच होती. पण यांतल्या कुठल्याही आक्षेपानं मूळ गोष्ट खोटी ठरत नाही.

कवठे महांकाळ शहराला मात्र हे जसंच्या तसं उचलता येणार नाही. नगरपंचायत झालेलं गाव, हमरस्त्यावरची बाजारपेठ, सातला दुकानांचा ऐन धंदा, ऑनलाइन पेमेंटचे फोन वाजतच राहणार. इथं एका भोंग्याचं गाव उरलेलं नाही. पण प्रत्येकाचं आपलं छोटं गाव आहेच : अभ्यासिकेतली चाळीस पोरं, एका गल्लीतली दहा घरं, एका बागायतदार ग्रुपातले दोनशे जण, दूर कुठं एका पेठेत राहणारे गलाईवाले. बागायतदारांनी ठरवलं, तर हवामान आणि रोगाचा इशारा सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, एकाच जाणत्या माणसानं टाकायचा, बाकी वेळ ग्रुप बंद, असं करता येईल. ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल अशी सोय व्हॉट्सॲपमध्ये आहेच. अभ्यासिकेतल्या मुलांनी पाळी लावावी, एकानं दिवसभरात जाहिराती आणि तारखा बघायच्या आणि रात्री सगळ्यांना सांगायच्या.

शाळांचं काम तर याहून सोपं आहे, आणि ते अजून का झालं नाही याचं मला नवल वाटतं. अनेक शाळा गृहपाठ, सूचना, उद्याच्या चाचणीची वेळ, सगळं संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. पोरगं मग हक्कानं आईचा फोन मागतं, गृहपाठ बघायचाय म्हणून, आणि गृहपाठाच्या खालीच बाकी सगळं उघडं असतं. मराठी शाळेतल्या सातवीच्या वर्गात फळा अजून आहे, खडू आहे, मुलांकडं वह्या आहेत. पाचची घंटा व्हायच्या आधी उद्याचा गृहपाठ फळ्यावर लिहायचा, आणि शाळेच्या ग्रुपवर सहानंतर कुणी काही टाकायचं नाही. मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या पुढच्याच बैठकीत हे ठरवावं.